मदत हवी आहे: मुलांना ताण हाताळायला शिकवायचंय, पण भाषण नको

नमस्कार मंडळी,

अमळनेर-चोपडा पट्ट्यातल्या एका कॉलेजात मी भूगोल शिकवतो. परीक्षेआधी पदवीच्या साठेक मुलामुलींसाठी ताणाच्या प्रशिक्षणाची चार सत्रं घ्यायचं काम माझ्याकडे आलंय. प्रत्येकी एकच तास, कारण चारची एसटी चुकली तर खेड्यावरच्या मुली अडकतात.

गेल्या वर्षी बाहेरचे वक्ते आले, दोन तास स्लाइड झाल्या, टाळ्या पडल्या. आठवड्याने एक हुशार मुलगी अर्धा पेपर टाकून उठली. हात थरथरत होते तिचे. ऐकून हे येत नाही, करून घ्यावं लागतं, हे मला तेव्हा पटलं.

पहिलं सत्र शनिवारी झालं. फळ्यावर ‘ताणतणाव’ लिहिलं तर सगळे गप्प. मग अहिराणीत विचारलं, “रातले झोप येस का?” आणि बोलायला लागले. कुणाची केटी (मागच्या सत्राचा नापास विषय) राहिलीय, कुणाचा कापूस घरात पडून आहे, कुणाची शिष्यवृत्ती खात्यावर आलेली नाही. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा, हे पाच मिनिटं करवून घेतलं. त्याने हृदयाचे ठोके मंदावतात, मुलांनी मनगटावर बोट ठेवून मोजून पाहिले. मग मुठी घट्ट आवळून सैल सोडायच्या, खांदे, जबडा, पाय असं करत जायचं. जेकबसन या डॉक्टरांची ही पद्धत जुनी आहे. बहुतेकांना बरं वाटलं.

पण डोळे मिटायला सांगितल्यावर एक मुलगा सगळ्यांसमोर रडायला लागला. धडगावकडचा, घरी पावरी बोलतो, होस्टेलला राहतो. मी त्याला बाहेर नेलं, पाणी दिलं, शेजारी बसून राहिलो. तो काही बोलला नाही.

ज्यांनी असे वर्ग घेतलेत त्यांनी सांगा: डोळे उघडे ठेवूनच व्यायाम घ्यावेत का? टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मी दिलाय. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. पण होस्टेलला एका खोलीत चार पोरं, तिथून मनातलं कोण बोलणार? कॉलेजात एक रिकामी खोली मागावी म्हणतो.

शिष्यवृत्तीच्या काळजीत असलेल्याला नुसता श्वास मोजायला शिकवणं मला अपुरं वाटतं. शेवटच्या सत्रात शिष्यवृत्ती आणि परीक्षा विभागाच्या क्लार्कना बसवलं तर? कुणी केलंय का असं?

आणि तो मुलगा. पुढचं सत्र येत्या शनिवारी आहे, त्याने मित्राकडून ‘येणार नाही’ असा निरोप पाठवलाय. त्याला स्वतः जाऊन भेटू, की थोडे दिवस थांबू?