एअर रायफलच्या दस्त्याचं तेल वाळतच नाहीये, मदत हवी आहे

निशाण_पक्कं:
घरीच दस्त्याचं काम काढलंय. जुनं व्हार्निश खरवडलं, पॉलिश पेपर मारला, तेलाचे हात दिले. रंग सुरेख उतरलाय, पण दस्ता चिकटच. बोट टेकवलं की ठसा उमटतो, गाल टेकवायची जागा तर सगळ्यात वाईट. रविवारी सराव आहे, तोवर वाळायलाच हवा. हेअर ड्रायर मारू का? लवकर सांगा.

रंधा:
कोणतं तेल? लाकूड कोणतं? हात दिल्यावर वरचं तेल पुसून घेतलंत का?

निशाण_पक्कं:
जवसाचंच, दुसरं कोणतं लावतात? लाकूड फिकट आहे, त्यावर बारीक तपकिरी ठिपके. पुसायचं कशाला? मुरावं म्हणून भरपूर लावून ठेवलं.

रंधा:
ठिपके म्हणजे बहुतेक बीच झाडाचं लाकूड. तेल कच्चं की बॉइल्ड? बाटली बघा.

निशाण_पक्कं:
नुसतं 'शुद्ध जवस तेल' लिहिलंय. ड्रायरचं सांगा ना.

तुंगप्रेमी:
जवस मुळात लावायचंच नाही. पिवळं पडत जातं, पाण्यापुढे टिकत नाही. सगळं काढा आणि तुंग तेल (तुंग झाडाच्या बियांचं) लावा. माझ्या दोन्ही रायफलींना तेच आहे.

रंधा:
@तुंगप्रेमी, शुद्ध तुंगही सावकाशच वाळतं. त्यांना रविवारची घाई आहे, तेल बदलून ती भागणार नाही.

@निशाण_पक्कं, मग ते कच्चं तेल आहे. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. कच्च्याला त्यासाठी आठवडे लागतात. बॉइल्डमध्ये कोबाल्ट, मँगनीजसारख्या धातूंचे क्षार घातलेले असतात, म्हणून ते लवकर आवळतं. त्यात तुमचा थर जाड. वर साय धरते आणि खालचं तेल ओलंच राहतं. ड्रायर मारलात तर साय आणखी घट्ट होईल आणि आतलं तेल थेंबाथेंबाने वर येईल. नकोच.

टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने चिकटा पुसून काढा. जिथे साय घट्ट आहे तिथे ०००० नंबरचं स्टील वूल (पोलादी तारांचा अगदी बारीक काथ्या) लाकडाच्या रेषांच्या दिशेने, हलक्या हाताने. मग हवेशीर जागी टांगून ठेवा. चिकटपणा पूर्ण गेल्यावरच बॉइल्डचा अगदी पातळ हात द्या आणि पंधरा-वीस मिनिटांनी कोरड्या फडक्याने सगळं पुसा. लाकडात मुरलं तेवढंच तेल उपयोगाचं.

धुरंधर:
तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका!! तेल वाळताना उष्णता सुटते, गोळा झालेलं फडकं आपोआप पेटतं. बाहेर एकेक सुटं पसरून वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा. हे आधी करा, दस्ता नंतर.

स्कोपवाला:
स्कोप (नेम धरायची दुर्बीण) कोणती आहे? स्प्रिंगच्या रायफलीचा झटका मागे आणि पुढे, दोन्हीकडे बसतो. साध्या स्कोपच्या आतल्या काचा हलतात. स्प्रिंगरसाठीचीच घ्या.

निशाण_पक्कं:
स्कोपचं विचारलं नव्हतं. साध्या साइटवर (नळीवरच्या नेमाच्या खुणांवर) मारतो.

तुंगप्रेमी:
पॉलियुरेथेन व्हार्निश मारून मोकळे व्हा मग, एवढी घाईच असेल तर.

रंधा:
आधी तुंग, आता पॉलियुरेथेन! ओल्या तेलावर ते धरणार नाही. आणि त्याला ओरखडा पडला की तेवढीच जागा सांधता येत नाही, तेलावर येते.

धुरंधर:
तेल लावताना यंत्रणा दस्त्यातून काढली होती ना?

निशाण_पक्कं:
नाही, टेप लावला होता.

धुरंधर:
आधी काढा. नळीत छर्रा नाही आणि स्प्रिंग ताणलेली नाही हे बघूनच स्क्रूला हात लावा. सिलिंडरमध्ये तेल गेलं तर दाबलेल्या हवेच्या उष्णतेने ते पेटतं, त्यात सील आणि स्प्रिंग दोन्ही जातात. आतल्या खाचेचं कोरडं लाकूडही ओल पितं, तिथे एक पातळ हात द्या. जोडल्यावर स्क्रू आलटून पालटून सारखे आवळा. ढिले राहिले तर निशाणं पसरतात आणि माणूस उगाच साइट फिरवत बसतो.

निशाण_पक्कं:
यंत्रणा काढली, आत तेल गेलेलं दिसत नाही. टर्पेंटाइनने गालाची जागा बरीच सुटली. फडकी पाण्यात टाकली. रविवारी क्लबची रायफल मागून घेतो. पण मुठीवरच्या कोरीव जाळीत चिकटा घट्ट बसलाय, तिथे पॉलिश पेपर चालेल?

रंधा:
अजिबात नको, जाळी पुसट होईल. जुना टूथब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून रेघांच्या बाजूने घासा, सुटलेलं तेल लगेच टिपून घ्या. पुढचे हात देताना जाळीत ब्रशानेच अगदी नावापुरतं तेल लावा.