मदत हवी आहे: आंब्याच्या साली आणि बाठ्यांपासून पेक्टिन, तेल काढणं छोट्या कॅनिंगवाल्याला झेपेल का?

बाठेवाला
नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळ आमचं छोटं कॅनिंग आहे, वडलांनी सुरू केलेलं, आता मी आणि बायको बघतो. सीझन म्हणजे मे आणि जूनचे पहिले दोन आठवडे, कॅनिंगचा आंबा रोज तीन-चार टन येतो. रस डब्यात जातो आणि मागे उरतात साली आणि बाठे, दिवसाला सव्वा ते दीड टन. आत्तापर्यंत मागच्या कातळावर खड्ड्यात टाकायचो पण पहिला पाऊस पडला की माश्या काय, वास काय, विचारू नका, आणि गेल्या वर्षी ते घाण पाणी खालच्या वाडीतल्या विहिरीपर्यंत उतरलं आणि भांडण झालं. चूक आमचीच होती.

तर यूट्यूबवर बघितलं की सालीत पेक्टिन, म्हणजे जॅम-जेली घट्ट करणारा पदार्थ, असतं आणि ते महाग जातं. म्हटलं बघू करून. दोन किलो साली सायट्रिक ॲसिड घालून तासभर उकळल्या, धोतराच्या फडक्यातून गाळलं, गार केलं आणि त्यात स्पिरिट ओतलं, तर चक्क जेलीसारखे धागे तरंगायला लागले! मी खूश. बायको म्हणाली शेंबूड दिसतोय.

मग बाठ्यांकडे वळलो. आजी कोकमाच्या बियांचं मुठेल काढायची, बिया कुटायच्या, पाण्यात उकळायच्या, वर आलेलं तेल काढून गोळे वळायचे. तसंच बाठे फोडून आतली बी वाळवली, कुटली, उकळली. तेलाचा थेंब नाही, पातेल्यात कपड्याला घालतात तशी काळपट खळ तयार झाली. कुठे चुकलो? आणि यात पैसे घालावेत का? बजेट सात-आठ लाख, त्यापुढे नाही.

देशावरचा_गडी
बाठे म्हणजे कोयी का हो? दोन मिनिटं मला वाटलं जनावरांचं काहीतरी चाललंय.

बाठेवाला
हो भाऊ, कोयीच. आमच्याकडे बाठाच म्हणतात.

लॅबवाली
दादा, खळ झाली कारण ती खळच आहे. आंब्याच्या बीमध्ये निम्म्याच्या वर स्टार्च असतो, उकळलं की तो फुगून सगळं तेल आत धरून ठेवतो. आणि मुळात तेल कमी, वाळलेल्या बीच्या साधारण ७ ते १५ टक्के. कोकमाच्या बीच्या गरात ४० टक्क्यांच्या वर असतं म्हणून आजीची पद्धत तिथे चालते. घाण्यावर नेलंत तरी उपयोग नाही, पेंडीतच पाच-सहा टक्के राहून जातं, मग हाती काय लागणार. म्हणून हे तेल सॉल्व्हंट प्लांटवाले, म्हणजे रसायनात विरघळवून तेल काढणारे कारखाने, हेक्झेन नावाच्या पेट्रोलसारख्या द्रवाने काढतात आणि हेक्झेन पेट घेणारं असतं, शेडमध्ये असला उद्योग करायचा विचारही करू नका.

तेल मात्र चांगलं असतं हं, खोलीच्या तापमानाला घट्ट, कोको बटरच्या जवळचं. युरोपात चॉकलेटमध्ये कोको बटरशिवाय ज्या सहा वनस्पती चरब्या ५ टक्क्यांपर्यंत चालतात त्यात आंब्याची कोय आणि आपलं कोकम दोन्ही आहेत.

आता पेक्टिन. तुम्ही केलंत ते तत्त्वतः बरोबर आहे, कारखान्यातही आम्लाचं पाणी, पीएच २ च्या आसपास, ८०-९० डिग्री, गाळणं आणि अल्कोहोल. पण त्या गाळलेल्या पाण्यात पेक्टिन जेमतेम १ टक्का असतं. म्हणजे एक किलोसाठी शंभर लिटर पाणी आणि तेवढंच किंवा दुप्पट अल्कोहोल, ते परत मिळवायला डिस्टिलेशन, वर एक्साइजचं लायसन, आणि शेवटी ॲसिडचं पाणी सोडणार कुठे? परत त्याच विहिरीत? तुमच्या दिवसाच्या सालींतून वाळवून सव्वाशे-दीडशे किलो, त्यातून पेक्टिन फार तर पंधरा-वीस किलो, तेही दीड महिना. जॅमवाल्याला दर बॅचला सारखीच जेली हवी असते आणि जगातलं बहुतेक पेक्टिन लिंबूवर्गीय सालींपासून आणि सफरचंदाच्या चोथ्यापासून मोठ्या कारखान्यांत बनतं, त्यांच्याशी आपण ग्रेडमध्ये टक्कर देऊ शकत नाही.

बाठेवाला
ताई, सगळं पाणीच फिरवलंत, पण आकडे पटले. मग साली नुसत्या वाळवून विकता येतील का पेक्टिनवाल्यांना?

लॅबवाली
येतील, पण साल निघाल्यावर लगेच पाच मिनिटं उकळत्या पाण्यातून काढायला हवी. सालीतली एन्झाइम्स पेक्टिन तोडत बसतात, दुपारी काढलेली साल रात्रीपर्यंत ढिगात राहिली तर वाळवून फायदा नाही. ग्राहक आधी शोधा, वाळवणं नंतर.

कोकमकाका
माझं कुडाळकडे कोकम आणि काजूचं युनिट आहे, लॅबवाली ताईंचं बरोबर पण कोकणातली खरी अडचण कोणी बोललं नाही, जून. तुमचा बराच माल पावसाळी हवेत निघणार, ताडपत्रीवर बाठे वाळवायला घातलेत की तिसऱ्या दिवशी बुरशी. ओल राहिली की आतल्या तेलाचा आंबटपणा वाढतो, मग सॉल्व्हंटवाला भाव पाडतो नाहीतर गाडी परत पाठवतो. म्हणून पैसे घालायचेच तर ट्रे ड्रायरमध्ये घाला. एप्रिल-मेमध्ये कोकम, मग बाठे, नंतर वाडीतलं काहीही, वर्षातले चार महिने तरी चालतो.

बाठे आधी धुवा, चिकटलेला रस फेकू नका, पल्परमधून, म्हणजे रस काढायच्या मशीनमधून, परत फिरवला की आंबापोळीला चालतो. मग अख्खे वाळवा, वाळले की फोडायला सोपे, मग बी परत वाळवा, ओल १० टक्क्यांच्या खाली. भुंगा लागलेल्या बिया बाजूला काढा, हापूसमध्ये निघतातच. जळण म्हणून काजूचं टरफल स्वस्त पडेल पण त्याचा धूर मालाला लागू देऊ नका, टरफलातलं तेल उग्र असतं, हीट एक्स्चेंजरवालाच ड्रायर घ्या, म्हणजे धूर वेगळा जातो आणि मालाला फक्त गरम हवा लागते.

आणि बायकांना सालीत हात घालायला लावताना हातमोजे द्या. चिकाने हात उतून येतात, आमच्याकडे दोघींना आठवडाभर घरी बसावं लागलं.

बाठेवाला
काका, हे आमच्याकडेही होतं, आम्ही नुसतं खोबरेल लावून काम चालवतो, ते बदलतो. दिवसाला सातशे किलो ओले बाठे, मग विकण्यासारखी वाळकी बी किती निघेल?

लॅबवाली
दीडशे किलोच्या आसपास धरा. त्यात तेल पंधरा किलो, म्हणून तेलाचा भाव बघून स्वप्नं रंगवू नका, बीचाच भाव विचारा.

देशावरचा_गडी
सालींचा मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला चारा, का नाही करत? आम्ही मक्याचा करतो. भाताचा पेंढा मिसळायचा म्हणजे पाणी सुटत नाही, पिशवीत दाबून भरायचं, हवा राहता कामा नये. फक्त गायीला एकदम पोटभर घालू नका, गोडामुळे पोट बिघडतं, थोडं थोडं सवयीने.

बाठेवाला
ही आयडिया भारी आहे भाऊ, पेंढा वाडीतच मिळेल आणि गुरंही त्यांचीच, निदान भांडण तरी मिटेल. पेक्टिनचं डोक्यातून काढलं. दापोलीच्या कृषी विद्यापीठात जाऊन ड्रायरचं विचारतो आणि मैसूरच्या सीएफटीआरआय या अन्न तंत्रज्ञान संस्थेला बाठे फोडायच्या मशीनबद्दल लिहितो. दरम्यान कोणाकडे असं मशीन चालू असेल तर सांगा, हापूसचा बाठा दगडासारखा असतो, कोयत्याने फोडताना माणूस तासाला किती फोडणार?

कोकमकाका
कोयत्याने नको, बोटं जातील. माझ्याकडे काजूचा जुना हातकटर पडून आहे, पातं बदलून बघू. या एकदा.