'भाषेचं काय, मशीन बघून घेईल'

वांगीभात:
परवा इथे 'आरोग्य संवादातून हेल्थटेककडे', म्हणजे आरोग्याच्या अ‍ॅप-यंत्रांच्या धंद्याकडे, असा लेख आला. थोडक्यात म्हणणं असं की भिंतीवरच्या घोषणा आणि पथनाट्यांत आता राम नाही, तीन महिन्यांचा प्रॉडक्टचा कोर्स करा, कंपनीत शिरा, एवढाएवढा पगार घ्या, भाषेचं काय, मशीन बघून घेईल. तिथेच चार ओळी लिहायला गेले, आवरेना, म्हणून वेगळा धागा.

मी सात वर्षं आरोग्य विभागात कंत्राटी होते, माहिती-शिक्षण-संवादाच्या कामावर. भिंती रंगवून घ्यायच्या, गावोगावच्या आशा सेविकांच्या बैठकीत फ्लिपचार्ट उलटायचा आणि मार्चएंडला फोटोंसकट अहवाल पाठवायचा. आता पाच वर्षं पुण्यात एका हेल्थ अ‍ॅपच्या कंपनीत आहे. म्हणजे शिरण्याबद्दल तक्रार नाही, मीच शिरलेय. पण तिथे पहिल्या आठवड्यात पाहिलेला मेसेज ऐका: 'अभिनंदन! आपला स्राव उद्या सकाळी ११ वाजता होईल.' डिस्चार्ज हो! बाळंतिणीला गेला होता. तिच्या नवऱ्याने घाबरून हॉस्पिटलात फोन केला, अजून किती रक्त जाणार आहे म्हणून. मीटिंगमध्ये सांगितलं तर सगळे पोट धरून हसले आणि तक्रारीचं तिकीट 'लो प्रायॉरिटी'त टाकून मोकळे झाले.

गोळीबंद:
तो लेख माझा. ताई, एका भाषांतराच्या गमतीवर अख्खं क्षेत्र निकालात काढू नका. मी बीएएमएस, तालुक्याच्या गावी सहा वर्षं दवाखाना चालवला. रोज तेच रामायण: बरं वाटलं तरी बीपीची गोळी बंद करू नका. निम्मे लोक करायचेच. (टोपणनाव तिथूनच आलंय.) आता माझ्या टीमचा एक रिमाइंडर एका सकाळी जेवढ्या लोकांना जातो, तेवढे मी सहा वर्षांत तपासले नाहीत. २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनची (फोन-व्हिडिओवरून पेशंट तपासण्याची) सरकारी मार्गदर्शक तत्त्वं आली नसती तर लॉकडाउनमध्ये किती जणांचे हाल झाले असते? आणि कंत्राटी नोकरी इतकी छान होती तर सोडलीत कशाला?

वांगीभात:
सोडली, कारण अकरा महिन्यांची ऑर्डर, मग खंड, मग पुन्हा साहेबांच्या दारात उभं राहणं. लागलं मला, पण खरंय. आता २५ मार्चचा कागद तुम्हीच काढलात तर पुढेही वाचा. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या प्लॅटफॉर्मने पेशंटला सल्ला द्यायचा नाही आणि औषधही लिहून द्यायचं नाही, असं त्यात स्पष्ट आहे. तुमच्या लेखात मात्र चॅटबॉट 'पहिला सल्ला' देतोय.

गोळीबंद:
'पहिली माहिती' म्हणायचं होतं. दुरुस्त करतो.

अनुस्वार:
मूळ दुखणं वेगळंच आहे. तुम्ही दोघंही 'बीपी', 'शुगर' लिहिता. रक्तदाब, मधुमेह हे शब्द काय वाळीत टाकलेत? आपणच मराठी लिहायची नाही आणि मग मशीनला येत नाही म्हणून गळे काढायचे.

रानमेवा:
माझी आई आशा आहे. म्हातारीला 'रक्तदाब आहे का' विचारलं की ती 'नाही बाई, देवाच्या दयेनं' म्हणते. 'बीपीची गोळी घेता का' म्हटलं की पदराची गाठ सोडून गोळी दाखवते.

अनुस्वार:
सवय लावली की लागते. सावरकरांनी महापौर, दिग्दर्शक हे शब्द दिले तेव्हाही लोक हसलेच होते.

कडीपत्ता:
महापौर हा शब्द कळला नाही म्हणून कोणी दगावत नाही हो.

अनुस्वार:
तुमच्यासारख्यांमुळेच उद्या नातवंडं आजीशी इंग्रजीत बोलतील. चालू द्या.

वांगीभात:
शब्दकोशाची भांडणं नंतर करा. बायका तिसरंच काही बोलतात. 'अंगावरून जातंय' म्हणतात. राणी आणि अभय बंग यांचा गडचिरोलीतला अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. दोन गावं, ६५० बायका, त्यातल्या ९२ टक्क्यांना स्त्रीरोग आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. सगळं अंगावर काढलेलं. आमच्या बॉटला मी मुद्दाम टाइप केलं, 'दोन महिने अंगावरून जातंय'. त्याने विचारलं, 'कोणते वाहन होते?' आणि १०८ ला फोन करा म्हणाला.

कडीपत्ता:
चहा सांडला कीबोर्डवर.

रानमेवा:
तुम्ही हसताय, ठीक आहे. गोळीबंद डॉक्टर, तुमच्या लेखात 'लास्ट माइल' तीनदा आलंय. ते लास्ट माइल म्हणजे माझी आई, भरदुपारी टाकीपाशी मोबाइल उंच धरून रेंज शोधणारी. वहीत भरायचं ते भरायचंच, अ‍ॅपमध्येही तेच. आभाचा, म्हणजे सरकारी आरोग्य खात्याचा, १४ आकडी नंबर काढायचा तर ओटीपी जातो नवऱ्याच्या फोनवर, आणि नवरा ऊसतोडीला कारखान्यावर. बाई दारात पोर घेऊन उभी, आई सांगते, 'त्याला फोन लाव गं.' तो फडात, उचलत नाही. आशांची योजना २००५ पासून आहे, आशा अजून 'स्वयंसेविका'च. तीन महिन्यांचा कोर्स तिला पण द्या की, घेईल.

गोळीबंद:
आशांचा मोबदला मी ठरवत नाही. पण एक सांगतो. बंगांचं नाव निघालंच आहे तर त्यांच्या 'सर्च' संस्थेचं ब्रेथ काउंटरही आठवा. ज्यांना बारापुढे मोजता येत नाही अशा सुइणींनाही बाळाचे श्वास मोजता यावेत म्हणून मणी सरकवायचं साधन, न्यूमोनिया ओळखायला. तेही हेल्थटेकच.

वांगीभात:
अगदी! पण त्यांनी आधी हे पाहिलं की सुईण कुठपर्यंत मोजते. तुमचा कोर्स तिथपर्यंत जातो का?

गोळीबंद:
नाही. बरं बाई, 'मशीन बघून घेईल' हे वाक्य काढतो. 'तीन महिने'सुद्धा काढतो. पगाराचा आकडा ठेवतो, तो खरा आहे, आणि तुम्हीही तो घेता.

वांगीभात:
घेते. घराचा हप्ता आहे.

कडीपत्ता:
ते 'स्राव' पुढे सुधारलं का?

वांगीभात:
आठ महिन्यांनी. आता 'आपला डिस्चार्ज' येतं. 'अभिनंदन' मात्र सगळ्यांना सरसकट जातं, ज्यांचं माणूस गेलंय त्यांच्या घरीसुद्धा. ते तिकीट अजून उघडं आहे.

अनुस्वार:
डिस्चार्ज कशाला? 'दवाखान्यातून सुट्टी झाली' असं आमची आजीसुद्धा म्हणायची.

वांगीभात:
हे मात्र तुमचं बरोबर. पाच वर्षांत मला सुचलं नाही. सोमवारी 'सुट्टी' टाकते. मधुमेह तरीही टाकणार नाही.