मदत हवी आहे: येळ्ळूरहून बाबांना पुन्हा बेळगावच्या वाचनालयात जाता यावं म्हणून काय करू?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात, आई-बाबा बेळगावजवळच्या येळ्ळूर गावात. बाबा ७४ वर्षांचे. इतकी वर्षं आठवड्यातून दोनदा सायकल मारत बेळगावला सार्वजनिक वाचनालयात जायचे. (१८४८ सालचं वाचनालय. आपण तिथले जुने सभासद, याचा त्यांना केवढा अभिमान!) पुस्तक बदलायचं, पेपर चाळायचे, मग दोस्तमंडळींबरोबर चहा. गेल्या पावसाळ्यात सायकलवरून पडले आणि सायकल सुटली ती सुटलीच.

बस आहे, पण तिची पायरी गुडघ्याएवढी उंच. एक पाय वर टाकून दांडा धरेपर्यंत मागून लोटालोटी सुरू. पाट्या कन्नडमध्ये, बाबांची शाळा सगळी मराठीत. कुणाला विचारेपर्यंत गाडी हलते. तिकिटाची अडचण नाही. आईला २०२३ च्या जूनपासून कर्नाटक सरकारच्या बायकांसाठीच्या 'शक्ती' योजनेमुळे प्रवास फुकट, बाबांना साठीच्या पुढचे म्हणून २५ टक्के सवलत. एकदा संध्याकाळी परत येताना हात करूनही बस थांबली नाही, तासभर उभे राहिले. शेवटी रिक्षा केली. 'एवढ्या पैशात एक पुस्तक विकत आलं असतं,' म्हणाले, आणि तेव्हापासून जायचं नावच काढत नाहीत. पुस्तकाची पिशवी तीन महिने खुंटीला लटकलीय. फोनवर विचारलं की 'जाऊ दे रे, घरातच बरं हाय' एवढंच.

त्या भागात कुणी महिन्याच्या बोलीवर रिक्षा ठरवलीय का? कशी ठरवली? कोणत्या वेळेला बसला गर्दी कमी असते? पुस्तकं घरपोच आणायचं कृपया सुचवू नका, ते माणसांसाठी जातात.

प्रतिसाद १
आमच्या अण्णांचं असंच झालं होतं. गावाचं नाव कन्नडमध्ये मोठ्या अक्षरात कागदावर लिहून खिशात दिलं. ते पाटीशी अक्षरं जुळवून बघतात. सकाळची शाळा-कॉलेजची गर्दी ओसरली की निघतात, उजेड असेपर्यंत परत. रिक्षा एकट्यासाठी परवडत नाही. गल्लीतले तिघं मिळून ठरवा, सोबतही होते.

धागाकर्ता
कागदाचं सुचलंच नव्हतं, मनापासून आभार! भाचीला कन्नड येतं, तिच्याकडून आजच लिहून घेतो. शेजारचे काका पण पूर्वी वाचनालयात यायचे, रात्री त्यांना फोन करतो.