मदत हवी आहे: जुने गेम स्ट्रीम करतोय, बटण उशिरा लागतंय

बोरिवलीचा_८बिट: लोकहो, अर्जंट आहे. जुन्या पद्धतीचे ८ बिट, १६ बिट गेम ब्राउझरमध्ये खेळता येतील असा प्लॅटफॉर्म बनवतोय. लिब्रेट्रोचा कोर (जुन्या गेम मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) सर्व्हरवर चालतो, व्हिडिओ वेबआरटीसीने (ब्राउझरमधून लाइव्ह व्हिडिओ-आवाज पाठवायची सोय) फोनवर जातो, बटणं त्याच्याच डेटा चॅनलवरून परत येतात. घरी एक नंबर चालतं पण ऑफिसात आलं की हिरो आधी खड्ड्यात पडतो आणि मग उडी मारतो. बिटरेट (सेकंदाला जाणारा डेटा) कमी करून झाला, चित्र मुळात २५६ बाय २४० चं, त्यात अजून काय कमी करू? शुक्रवारी डेमो आहे. "गूगल कर" सांगू नये.

खिडकीची_सीट: सर्व्हर कुठेय? ऑफिसात वायफाय की डेटा? व्हिडिओ दाबून लहान करणारा एन्कोडर कुठला? "उशिरा" म्हणजे किती?

बोरिवलीचा_८बिट: ऑफिस अंधेरीला, ४जी. अर्धा सेकंद सहज. एन्कोडर एक्स२६४, त्यात उशीर कमी करणारं झिरोलेटन्सी सेटिंग लावलंय, तेवढं कळतं मला.

मीच_बरोबर: जीपीयूवाला (ग्राफिक्स चिपवाला) सर्व्हर घ्या, हार्डवेअर एन्कोडिंगशिवाय गेम स्ट्रीमिंग होतच नाही.

खिडकीची_सीट: एवढ्याशा चित्राला जीपीयू? सीपीयूचा एक कोअर पुरतो. सर्व्हर कुठेय ते अजून सांगितलं नाहीत.

साधंसोपं: मुळात स्ट्रीमिंग हवंय कशाला राव? वेबअसेंब्लीत (ब्राउझरमध्येच चालणाऱ्या कोडमध्ये) कंपाईल करा, गेम फोनवरच चालेल, नेटवर्कचा लॅगच नाही आणि सर्व्हरचं बिलही नाही. स्टेडिया ही गेम स्ट्रीमिंग सेवा बघा, गूगलला पण जानेवारी २०२३ मध्ये गाशा गुंडाळावा लागला.

मीच_बरोबर: ते गिऱ्हाईक मिळालं नाही म्हणून. लॅगचा काय संबंध?

कायद्याचं_बोला: रॉम (गेमच्या फाईल) कुठून आणले ते आधी सांगा. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२, बॅकअपची सूट फक्त स्वतःकडच्या कायदेशीर प्रतीपुरती आहे, लोकांना स्ट्रीम करायला नाही.

बोरिवलीचा_८बिट: अहो साहेब, नवे होमब्रू (जुन्या मशीनसाठी हौशी लोकांनी बनवलेले) गेम आहेत, बनवणाऱ्यांकडून रीतसर लायसन्स घेतलंय. फाईल युजरच्या फोनवर उतरता कामा नये ही त्यांचीच अट, म्हणून वेबअसेंब्ली नाही. सर्व्हर म्हणजे सध्या घरचा पीसी, त्याने काय फरक पडतो?

खिडकीची_सीट: तिथेच तर गोम आहे! घरी तुम्ही लॅनवर, म्हणजे घरच्याच नेटवर्कवर खेळताय. बाहेरून आलात की ४जी सीजीनॅटमागे (अनेक ग्राहकांत एकच पब्लिक आयपी), घरचं ब्रॉडबँड पण बहुतेक तसंच, मग डायरेक्ट जोडणी होत नाही आणि सगळं टर्न या मध्यस्थ सर्व्हरवरून जातं. क्रोममध्ये वेबआरटीसी इंटर्नल्स हे पान उघडा, निवडलेल्या कँडिडेटपुढे (जोडणीच्या मार्गापुढे) रिले, म्हणजे मध्यस्थामार्गे, असं दिसतंय का? आणि टर्न कुणाचा?

बोरिवलीचा_८बिट: रिलेच आहे. टर्न फुकटातला, युरोपातला. वर टीसीपी दाखवतंय.

खिडकीची_सीट: म्हणजे तुमचं बटण अंधेरीहून बोरिवलीला व्हाया युरोप जातंय. त्यात टीसीपी, एक पॅकेट हरवलं की मागचे सगळे ताटकळत. मुंबई रीजनमध्ये पब्लिक आयपीवाली छोटी मशीन घ्या, यूडीपी (हरवलेल्या पॅकेटसाठी न थांबणारी पद्धत) पोर्ट उघडा, टर्न बहुतेक लागणारच नाही. आणि बिटरेट पूर्ववत करा. उलट एन्कोड करण्याआधी चित्र नीअरेस्ट नेबरने (पिक्सेल धूसर न करता तसेच मोठे करून) तिप्पट करा, नाहीतर ४:२:० मध्ये (रंगाची माहिती कमी ठेवणाऱ्या व्हिडिओ पद्धतीत) लाल रंग पिक्सेलबाहेर ओघळतो.

कॅसेटवाला: टीव्हीला लावायच्या त्या गेमच्या पिवळ्या कॅसेट लॅमिंग्टन रोडला अजून मिळतात का? अडॅप्टर गेलाय. ९९९९९ इन १ म्हणायचे आणि आत मोजून चार गेम.

साधंसोपं: ९ व्होल्टचा घ्या, पण पिनची पोलॅरिटी बघून.

मीच_बरोबर: ब्लूटूथ पॅड असेल तर त्याचाही लॅग धरा.

बोरिवलीचा_८बिट: टचस्क्रीनवर खेळतोय हो. मुंबईत मशीन घेतली, पिंग ३० मिलिसेकंदांच्या आसपास, उडी वेळेवर बसतेय, धन्यवाद. आता आवाज मध्येच चर्र करतोय, १६ बिटच्या गेममध्येच.

खिडकीची_सीट: आवाज रीसॅम्पल करताय ना, म्हणजे त्याचा वेग (सॅम्पल रेट) बदलून घेताय ना? तो कोर ३२ किलोहर्ट्झच्या आसपास आवाज देतो, ऑपसला (वेबआरटीसीतल्या आवाजाच्या एन्कोडरला) तुम्ही ४८ देताय. बफर किती मिलिसेकंदांचा ठेवलाय?