गंधक पावडर ड्रममध्ये तरंगते, पापुद्रा धरते. कारण काय?

निफाडचा बागायतदार:
राम राम मंडळी. भुरी या बुरशीच्या रोगासाठी ८० टक्के वेटेबल (पाण्यात कालवून फवारायचं) गंधक लिटरला २ ग्रॅम घेतो. २०० लिटरच्या ड्रमवर ४०० ग्रॅम भुरभुरलं की बरंचसं वरच राहतं, कण एकमेकांना चिकटून पापुद्रा होतो. काठीने जोरात ढवळलं तर फेस, आणि त्या फेसातही गंधकच. पाण्यापेक्षा जड असून बुडत का नाही? कपड्यांची पावडर टाकू का?

पृष्ठताण:
जड आहेच, घनता २.०७. पण ५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) कणाला पृष्ठताण, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा ठेवणारं बल, त्याच्या वजनाच्या हजारो पट जोराने धरून ठेवू शकतो. गंधकाला पाणी धड लागत नाही, हे मूळ.

कण पृष्ठभागावरून पाण्यात ओढायची ऊर्जा (१ − स्पर्शकोनाचा कोसाइन) याच्या वर्गावर ठरते. स्पर्शकोन म्हणजे पाण्याची कड कणाला ज्या कोनात टेकते तो; पाणी जितकं चांगलं लागतं तितका तो लहान. कोन ८० अंश धरला तर हा आकडा ०.६८, ३० अंश केला तर ०.०२ सुद्धा नाही. पावडरीत ओलावणारं द्रव्य मिसळतात ते एवढ्यासाठीच.

पापुद्र्याचं म्हणाल तर, मोठा कण किंवा गठ्ठा पाण्याला खळगा पाडतो आणि शेजारचा त्यात घसरतो. हे बल त्रिज्येच्या सहाव्या घाताने बदलतं: आकार निम्मा, तर बल ६४ पट कमी. त्यामुळे १० मायक्रॉनच्या खाली ते नगण्यच. तरी बारीक कण चिकटतातच, कारण ते ओबडधोबड असतात. पाण्याची कड त्यांच्याभोवती कुठे वर, कुठे खाली लागते. वाकलेला पृष्ठभाग कमी व्हावा म्हणून चढ चढाला आणि उतार उताराला येऊन मिळतो. थर असा जुळला की काठी तो फोडते, कण भिजवत नाही.

दिंडोरी फवारणी:
वरून भुरभुरणं बंद करा भाऊ. बादलीत आधी ४०० ग्रॅम पावडर, मग पाणी थोडं थोडं, साधारण अर्धा लिटर. घोटून गुठळी नसलेली लापशी करा. ओल्या लापशीत कणांमधली हवा निघून जाते, तरंगायला पृष्ठभागच उरत नाही. मग ५ लिटरपर्यंत पातळ करून गाळा, अर्ध्या भरलेल्या ड्रममध्ये ओता, बाकी पाणी वरून.

पृष्ठताण:
बरोबर. आणि जोरात ढवळू नका. बुडबुडे आत गेले की न भिजलेले कण त्यांना चिकटून परत वर येतात. खनिजं वेगळी करायच्या फेसतरण टाक्यांत मुद्दाम हेच करतात! काठी खोल ठेवून सावकाश फिरवा.

कपड्यांची पावडर नको. फेस वाढतो, शिवाय त्यातल्या सोड्याने द्रावण अल्कधर्मी होतं. साबण तर बोअरच्या जड पाण्यात साका धरतो. लेबल परवानगी देत असेल तर नॉन-आयॉनिक (विद्युतभार नसलेल्या) स्प्रेडरचे, म्हणजे फवारणीत मिसळायच्या ओलावणाऱ्या द्रव्याचे, थोडे थेंब लापशीतच घाला.

निफाडचा बागायतदार:
पोतं मागच्या हंगामातलं आहे. तेच बिघडलं असेल का?

दिंडोरी फवारणी:
तपासा. २५० मिलीच्या बीकरमध्ये १०० मिली पाणी, त्यावर ५ ग्रॅम पावडर एकदम सोडा, हलवू नका. मिनिटाभरात सगळी भिजली तर माल ठीक. वर राहिली तर दमट हवेने गठ्ठे झालेत किंवा धुरळणीचं (कोरडंच उडवायचं) गंधक हाती आलंय. धुरळणीचं असेल तर लापशी करूनही ड्रममध्ये घालू नका, नोझल चोकतील.