बरगडीचं फ्रॅक्चर : कबड्डीत पकड कधीपासून करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला, वय २६, गावच्या संघात डाव्या कोपऱ्यावर खेळतो. पाच आठवड्यांपूर्वी पकड करताना चढाईपटूचा गुडघा लागला आणि उजवीकडची सातवी बरगडी मोडली. एक्स-रेमध्ये हाड सरकलेलं नाही, फुफ्फुसाला इजा नाही. धाप, ताप, खोकल्यातून रक्त, यातलं काहीच नाही.

पहिले दहा दिवस गोळ्या घेतल्या. दर तासाला दहा खोल श्वास, खोकताना छातीशी उशी. गावातले जाणते लोक पट्टा घट्ट बांध म्हणत होते, पण डॉक्टरांनी नाही म्हटलं: त्याने श्वास उथळ होतो, कफ साचून न्यूमोनिया होऊ शकतो. ते मी पाळलं.

आता रोज चार किमी चालतो, दुखत नाही. कुशीवर झोपता येतं. पण वावरात फवारणीचा पंप पाठीवर घेतला की त्याच जागी कळ येते, शिंकलं तरी येते. डॉक्टर म्हणाले, सहा आठवड्यांनी दुखलं नाही तर खेळ. धावणं वेगळं आणि अंगावर माणूस घेणं वेगळं, म्हणून हे एवढंच उत्तर मला पुरत नाही. पुन्हा तिथंच मोडली तर हंगामातली मजुरीही जाईल.

फिजिओथेरपिस्टसाठी यवतमाळला जावं लागतं. एकदा जमेल, दर आठवड्याला नाही. जिम नाही.

ज्यांची बरगडी मोडून पुन्हा कबड्डी किंवा कुस्ती सुरू झाली, त्यांनी सांगा: धावणं, दंड, मग पकड, यात प्रत्येक टप्प्याला किती दिवस दिले, आणि अंगावर धडक घ्यायला बरगडी तयार आहे हे कशावरून ओळखलं?